आधी खुनी कळू द्या: नव्या लेखकांच्या काळ्या रहस्यकथा वाचायच्या कशा

वाचनालयातून आणलेल्या एका अनुवादित रहस्यकादंबरीच्या चौदाव्या पानावर, समासात, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ‘हाच खुनी’. शेजारी बाण. बाणाच्या टोकाशी एक पात्र, जे तोवर जेमतेम दोन वाक्यं बोललं होतं. माझं डोकंच फिरलं. पुस्तक तसंच परत करणार होतो, पण रविवार होता, वाचनालय बंद, आणि घरात न वाचलेलं दुसरं काही नव्हतं. म्हणून वाचत बसलो. गंमत म्हणजे त्याआधी एकही रहस्यकथा मी इतक्या लक्षानं वाचली नव्हती. खुनी कोण याची उत्सुकता संपली आणि नजर मोकळी झाली. तो माणूस चहाचा कप कुठे ठेवतो, बायकोचं कधी नाव घेतो आणि कधी नुसतं ‘ती’ म्हणतो, पावसाचा विषय निघाला की उठून खिडकी का लावून घेतो, सगळं दिसायला लागलं.

त्या पेन्सिलवाल्याचा निकाल शेवटी सांगतो. तेव्हापासून वातावरणावर उभी असलेली रहस्यं आणि ज्याला न्वार म्हणतात ती काळी गुन्हेकथा मी वेगळ्या रीतीनं वाचायला लागलो, त्यातही नव्या लेखकांची पहिली-दुसरी पुस्तकं. नावाजलेल्या लेखकाचा हात धरून आपण डोळे मिटून चालतो. नव्या लेखकाबरोबर रस्ता आपल्यालाही पाहावा लागतो. ती रीत खाली देतो.

आधी पुस्तकाची जात ओळखा

‘रहस्यकथा’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या वस्तू कोंबतो, आणि मग एकीकडून दुसरीची अपेक्षा करून चिडतो.

समजा, एक आजी अंधारात विहिरीवर गेली आणि परत आली नाही. तिला कोणी ढकललं, हे शोधायचं असेल तर ते कोडं. विहिरीचा कठडा ढासळलाय हे आपल्याला माहीत आहे, आजीला नाही, आणि ती कळशी घेऊन निघालीय, तर ती धास्तीची गोष्ट, म्हणजे सस्पेन्स. आणि कठडा ढासळलाय हे तिच्या मुलाला तीन महिने माहीत होतं, दुरुस्तीचे पैसे त्यानं दुसरीकडे घातले होते, त्या रात्री त्यानं कळशीचा आवाज ऐकला आणि तो कूस बदलून झोपला, आणि सगळी गोष्ट आपण त्या मुलाच्याच डोक्यात बसून ऐकतोय, तर ते न्वार.

कोड्यात गुन्हा हा डाग असतो, तो पुसला की घर स्वच्छ. न्वारमध्ये घरच डागाळलेलं असतं आणि पुसणाऱ्याचे हातही. म्हणून न्वारच्या शेवटी न्याय मिळाला नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नसतो.

न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. गालिमार या फ्रेंच प्रकाशनानं १९४५ मध्ये काळ्या वेष्टनातली गुन्हेकथांची माला काढली, तिचं नावच ‘काळी माला’ होतं, तिथून हा शब्द पसरला. इटलीत त्याआधी, १९२९ पासून, मोंदादोरी या प्रकाशनाच्या पिवळ्या मुखपृष्ठांमुळे रहस्यकथेला ‘पिवळी’ म्हणायला लागले होते. आपल्याकडे पिवळं पुस्तक म्हटलं की लोक भलतंच काही समजतात, तेव्हा तो शब्द इथे आला नाही हे बरंच झालं. लेखन मात्र मूळचं अमेरिकेतलं: १९२० मध्ये निघालेल्या ‘ब्लॅक मास्क’सारख्या स्वस्त कागदावरच्या मासिकांतलं, दारूबंदीच्या आणि नंतर मंदीच्या काळातलं. या मासिकाला नावारूपाला आणणाऱ्यांपैकी डॅशिएल हॅमेट हा पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरी करून आलेला माणूस. कायदा विकत मिळतो हे त्यानं पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

आपली मराठी सवय वेगळी आहे आणि ती आडवी येते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू यांच्या मागे धावत एका बैठकीत पुस्तक संपवायचं, ही कितीतरी घरांतली शिस्त होती. त्या धावण्यात मजा होतीच, पण ती पावलं न्वारमध्ये चालत नाहीत. इथे धावलात तर तुम्ही गाव ओलांडून पुढे जाल आणि गावात काय घडलं ते कळणारच नाही. त्यापेक्षा रत्नाकर मतकरींच्या गूढकथा किंवा नारायण धारपांची चांगली पुस्तकं वाचलेल्याला हे लवकर जमतं, कारण खोलीतली हवा बदलली की थांबायचं हे तिथे आपोआप अंगवळणी पडलेलं असतं.

नवे लेखक सापडतात कुठे

मोठ्या पुरस्कारांच्या विजेत्यांपेक्षा पहिल्या पुस्तकांच्या याद्या बघा. अमेरिकेतल्या रहस्यलेखकांच्या संघटनेचा एडगर पुरस्कार १९४६ मध्ये सुरू झाला तेव्हा कादंबरीसाठी होता तो पहिल्या कादंबरीचाच, सर्वोत्तम कादंबरीचा एडगर आला १९५४ मध्ये. ब्रिटनमध्येही पहिल्या पुस्तकासाठी वेगळा ‘डॅगर’ पुरस्कार देतात. विजेत्याच्या नावाशी थांबू नका, अंतिम यादीतली बाकीची नावं वाचा. मला आवडलेली निम्मी पुस्तकं हरलेल्यांची आहेत.

अप्रकाशित हस्तलिखितांच्या स्पर्धा ही दुसरी खाण. जेन हार्पर ही तेव्हा पत्रकार. तिच्या ‘द ड्राय’ला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा अप्रकाशित हस्तलिखिताचा पुरस्कार २०१५ मध्ये मिळाला आणि पुस्तक पुढच्या वर्षी आलं. १९१९ पासूनच्या कलकत्त्यात घडणाऱ्या कादंबऱ्या लिहिणारा अबीर मुखर्जी हाही अशाच स्पर्धेतून पुढे आला. राजाबाई टॉवरवरून १८९१ मध्ये दोन पारशी तरुणी पडून मेल्या, त्या खऱ्या घटनेवर नेव्ह मार्चनं बेतलेली २०२० ची कादंबरी तिची पहिलीच, आणि तीही स्पर्धेतलीच. (ती न्वार नव्हे. रोमान्स बराच आहे. पण जुन्या मुंबईसाठी वाचावी.)

कोणावर पैसे घालावेत ते कळत नसेल तर एका शहरावरचा कथासंग्रह घ्या. ब्रुकलिनच्या अकॅशिक या छोट्या प्रकाशनानं २००४ पासून शहरागणिक न्वार संग्रह काढलेत. त्यात दिल्ली २००९ मध्ये आली आणि मुंबई २०१२ मध्ये. दहा-पंधरा लेखक, एकेका वस्तीची एकेक गोष्ट. दोन कथा फसतात, चार बऱ्या असतात, एका लेखकाचं नाव आपण वहीत लिहून ठेवतो. तेवढ्यात पैसे वसूल.

मराठीत ही जागा दिवाळी अंकांनी सांभाळली आहे. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ हे रहस्य-गूढकथांसाठी हक्कानं चाळावेत असे अंक. अनुक्रमणिका उघडून ओळखीची नावं आधी खोडा, उरलेल्यांपासून वाचायला घ्या. अलीकडच्यांत हृषीकेश गुप्तेंचं नाव घ्यायलाच हवं: कोकणातलं घर, माजघर, आड, नात्यातली जुनी सल, यातून भीती उगवते, भूत नंतर येतं किंवा येतही नाही. आणि जयंत पवार. त्यांना रहस्यकथाकार कोणी म्हणणार नाही, पण १९८२ च्या संपानंतरचं गिरणगाव, गेलेल्या नोकऱ्या आणि पोरांच्या हातात आलेली हत्यारं त्यांनी जशी लिहिली, त्याला मी बिनदिक्कत मराठी न्वार म्हणतो. नव्या पोरांनी तिथून पुढे जायला हवं होतं. फारसं कोणी गेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुकानात पाच मिनिटं

मलपृष्ठ वाचू नका. नव्या लेखकाच्या मलपृष्ठावर प्रकाशक घाबरलेला असतो, त्यामुळे तो अर्धं कथानक तिथेच सांगून टाकतो आणि ‘थरारक’, ‘खिळवून ठेवणारी’ हे शब्द वर भुरभुरतो. पहिलं पान वाचा. मग साठीच्या आसपासचं कुठलंही पान. पहिलं पान नव्या लेखकानं पन्नास वेळा घासलेलं असतं, साठावं नसतं. तिथे त्याचा खरा हात दिसतो.

काय बघायचं? एक खोटं आणि एक खरं वातावरण शेजारी ठेवून दाखवतो. दोन्ही उतारे मीच या लेखापुरते रचलेत.

पहिला: ‘समुद्रकाठचं ते लॉज भयाण दिसत होतं. काळ्याकुट्ट रात्री वारा भेसूर आवाजात घोंघावत होता. हवेत एक अनामिक भीती दाटून राहिली होती. इथे काहीतरी विपरीत घडणार असं त्याला राहून राहून वाटत होतं.’

दुसरा: ‘मालकानं रजिस्टर पुढे सरकवलं तेव्हा त्याच्या शर्टाची एक बाही कोपरापर्यंत ओली होती. दोन दिवस पाऊस नव्हता. “एकटेच?” त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दोन टॉवेल काढून ठेवले. भिंतीवर मागच्या महिन्याचं कॅलेंडर, त्यावर गॅस आल्याची एक तारीख पेनानं दोनदा गिरवलेली. “सात नंबर सोडून कुठलीही घ्या,” तो म्हणाला. “सातात ओल येते.”’

पहिल्या उताऱ्यात भयाण, भेसूर, अनामिक, विपरीत. लेखक आपल्याला घाबरायला सांगतोय, पण घाबरण्याजोगं काही देत नाही. त्यातलं लॉज काढून शाळा घाला, वाडा घाला, एक अक्षर बदलणार नाही. ते वातावरण नव्हे, लग्नाच्या हॉलमधलं धुराचं यंत्र आहे.

दुसऱ्यात भीतीचा एकही शब्द नाही. पण एकच बाही ओली का? माणूस दोन्ही हात धुतो, पाण्यात एकच हात कोपरापर्यंत घालतो तो काहीतरी काढायला किंवा दाबायला. टॉवेल दोन का? सवयीनं, की यानं दुसऱ्या कुणाला येताना पाहिलंय? महिना बदलला तरी पान उलटलं नाही, म्हणजे या घरात पान उलटणारं माणूस गेलं असावं. आणि शेवटचं वाक्य तर पाहाच. सात नंबरबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस दिसला की त्या पानाचा कोपरा दुमडा.

यातलं निम्मं पुढे निरर्थक निघेल. गॅसची तारीख नुसती गॅसचीच असेल. चालतं. चांगला लेखक दहा वस्तू ठेवतो त्यातल्या तीनच कामाच्या असतात, उरलेल्या सात त्या तिघींना लपवायला असतात. दहाच्या दहा कामाच्या निघाल्या तर लेखक कोडंवाला आहे.

ई-पुस्तक घेत असाल तर सुरुवातीची पानं फुकट वाचता येतात, तिथेही हीच परीक्षा. मी एक ढोबळ हिशेब ठेवलाय: पहिल्या तीन पानांत ‘गूढ’ हा शब्द दोनदा आला तर पुस्तक परत फडताळात.

बैठका आणि चिठ्ठी

पहिली बैठक निदान चाळीस-पन्नास पानांची हवी. वातावरण तुकड्यातुकड्यानं भरत नाही. लोकलमध्ये दादर ते ठाणे वाचून मिटलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी उघडलं की ती हवा निघून गेलेली असते आणि नुसती नावं उरतात. पहिली बैठक घरी, मग पुढचं लोकलमध्ये चालेल. पाऊस, चहा, मंद दिवा वगैरे थाटाची गरज नाही. मी एक थंडगार पुस्तक मे महिन्यात गच्चीवर घामाघूम होऊन वाचलंय, आणि हुडहुडी भरली होती.

खूण म्हणून कोरी चिठ्ठी वापरा आणि तिच्यावर लिहा. पात्रांची यादी नको, ती आपोआप लक्षात राहते. मी चार गोष्टी टिपतो.

रस्ता. कुठून कुठे जायला किती वेळ लागतो, मध्ये काय लागतं. रहस्यातल्या साक्षी या बहुतेक वेळा अंतराच्या साक्षी असतात.

ऋतू. परदेशी पुस्तकात हे हमखास चुकतं. ऑस्ट्रेलियात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, हे डोक्यात नसेल तर नाताळात माणसं घामानं भिजलेली पाहून आपण गोंधळतो.

कोणाला काय आणि केव्हापासून माहीत. धास्तीच्या पुस्तकाचा सगळा जीव यात असतो. एखाद्याच्या तोंडून, त्याला ठाऊक असायला नको होती अशी गोष्ट निघते, आणि चिठ्ठी नसेल तर ती तुमच्या हातून सुटते.

आणि पैसा. यावर मी अडूनच बसेन. न्वारमध्ये प्रत्येक रकमेची नोंद करा. एस. ए. कॉस्बीच्या ‘ब्लॅकटॉप वेस्टलँड’मध्ये व्हर्जिनियातला एक मेकॅनिक, पूर्वी दरोडेखोरांना गाडीतून पळवून नेणारा ड्रायव्हर, सरळ मार्गाला लागलेला असतो. मग गॅरेजचं भाडं थकतं, गिऱ्हाईक नव्या गॅरेजकडे जातं, आईच्या शुश्रूषागृहाचं बिल येऊन पडतं. लेखक एकेक आकडा मांडत जातो. चिठ्ठीवर बेरीज करत गेलात तर हा माणूस दरोड्याला हो म्हणणार, हे त्याच्याआधी तुम्हाला कळतं. ते कळूनही थांबवता येत नाही, तीच या पुस्तकाची पकड. त्यातली १९७१ ची डस्टर गाडी बापाकडून आलेली आहे, आणि ती नुसती गाडी नाही, हे मी सांगायला नको.

अनोळखी शब्द, पदार्थ, हुद्दे पहिल्या वाचनात शोधत बसू नका. संदर्भानं कळतं तेवढं घ्या. इंग्रजीतली बोली अडली तर तो संवाद मोठ्यानं वाचा. कागदावर अडलेली बोली कानाला पुष्कळदा कळते.

तीन पुस्तकं, तीन प्रकारची हवा

वातावरण म्हटलं की धुकं, वाडा, रात्र, हा समज आधी काढून टाकायला हवा. नव्या लेखकांचं मोठं काम मला हेच दिसतं की त्यांनी अंधार सोडून दुसऱ्या वस्तूंमधून भीती काढली.

‘द ड्राय’मध्ये ऊन आहे. दोन वर्षं पावसाचा थेंब न पडलेलं काल्पनिक गाव, मेलबर्नहून बालमित्राच्या अंत्यविधीला आलेला आर्थिक गुन्ह्यांचा तपास अधिकारी, आणि वीस वर्षांपूर्वी नदीत बुडून मेलेली एक मुलगी. आता त्या नदीत पाणीच नाही. एवढं पुस्तकाच्या सुरुवातीलाच कळतं, म्हणून सांगतोय. जिथे माणूस बुडाला ती जागा कोरडी पडणं, ही कल्पना जरा वेळ मनात घोळवा. मग दुष्काळाचं प्रत्येक वाक्य दोनदा वाचावंसं वाटतं: विकायला काढलेली जनावरं, कर्ज, दारूच्या गुत्त्यात एकमेकांकडे बघणारी शेतकऱ्यांची तोंडं. मराठवाड्यात दुष्काळ पाहिलेल्या वाचकाला हे गाव परकं वाटणार नाही, टँकरची वाट बघणाऱ्या गावात चिडीला किती थोडं निमित्त लागतं ते त्याला ठाऊक असतं. पुस्तक माशांपासून सुरू होतं. मेलेलं जनावर आणि मेलेला माणूस यात माशांना फरक नसतो. ते पान पुढे परत लागणार आहे, लक्षात ठेवा.

ओयिंकान ब्रेथवेटचं ‘माय सिस्टर, द सीरियल किलर’ हे २०१८ चं पहिलं पुस्तक लागोसमध्ये घडतं. धाकटी बहीण फोन करून सांगते की त्याला मी मारलं, आणि थोरली ब्लीच घेऊन निघते. ही तिसरी वेळ. म्हणजे खुनी कोण, पहिल्याच पानावर उघड. थोरली नर्स आहे, रक्ताचा डाग फरशीच्या सांध्यातून कसा काढायचा हे तिला येतं. इथे अंधार नाही, उलट सगळं लख्ख आहे, आणि त्या लख्खपणाचाच वास नाकात बसतो. वाचताना धाकटीकडे बघू नका, ती दिसायला सुंदर आहे आणि सगळेच तिच्याकडे बघताहेत. थोरलीच्या हातांकडे बघा. ती कधी साफसफाई करते, कशानंतर करते, कोणाला सांगून करते. आपल्या जागी बसून हळूहळू साथीदार होण्याचा अनुभव हवा असेल तर याहून छोटं पुस्तक मला माहीत नाही. प्रकरणं दोन-दोन पानांची आहेत, इंग्रजीची सवय कमी असलेल्यालाही जड जाणार नाही.

तिसरं दीपा अनप्पाराचं, ‘जिन पट्रोल ऑन द पर्पल लाइन’. भारतातल्या एका नाव न दिलेल्या शहरातली बस्ती, मेट्रोची जांभळी मार्गिका, आणि हिवाळ्याचा धुरकट काळोख. मुलं नाहीशी व्हायला लागतात. सांगणारा जय नऊ वर्षांचा, टीव्हीवरचे पोलिसी कार्यक्रम बघून डिटेक्टिव्ह झालेला. लेखिका आधी पत्रकार होती. पोलिसांत जायला बस्ती घाबरते, कारण तक्रार केली तर बुलडोझर येईल. धुरकं इथे सजावट नाही, त्यात मूल दहा पावलांवर दिसेनासं होतं आणि मोठ्यांना त्याची सवय झालेली आहे. या पुस्तकाला २०२१ चा सर्वोत्तम कादंबरीचा एडगर मिळाला. जय विनोदी बोलतो म्हणून आपण हसतो, आणि साधारण मध्यावर आपल्याच हसण्याची लाज वाटायला लागते. तिथे पुस्तक मिटून पाणी पिऊन या.

सांगणाऱ्याला कसं पकडायचं

‘मी’ सांगत असेल तर तो खोटं बोलतोय का, हे शोधण्यात वेळ घालवू नका. खोटं क्वचित बोलतात. वगळतात. म्हणून घड्याळ लावा. सकाळी आठला उठला, नऊला चहा, अकराला बाजार, आणि मग एकदम ‘संध्याकाळी घरी आलो तेव्हा’. दुपार कुठे गेली? पुढचं प्रकरण पुन्हा तासातासाचा हिशेब देत असेल तर ती दुपार मुद्दाम गेली आहे.

दुसरी खूण जेवण-झोपेची. जो माणूस पहिली शंभर पानं चवीनं जेवतो आणि मग पन्नास पानं काहीच खात नाही, त्याला काहीतरी कळलेलं असतं.

तिसरी, नावं. जवळच्या माणसाला नावावरून ‘तो’, ‘ती’, ‘घरचे’ यावर कधी आणलं जातं. मराठीत तर हे फारच उघडं पडतं, कारण आपल्याकडे ‘तू’चं ‘तुम्ही’ होणं ही एक घटना असते. सासूला ‘आई’ म्हणणारी सून एका पानावर ‘यांच्या आई’ म्हणाली, की मागे काय झालं ते आपण शोधायला लागतो.

पुस्तक कुठे ढेपाळतं

पहिल्या पुस्तकाचे दोष ठरलेले असतात आणि ते माहीत असले तर रागराग होत नाही. सुरुवातीला तिरक्या अक्षरांतलं एक प्रकरण, ज्यात कोणीतरी जंगलात धावतंय. ते वाचून सोडून द्या. मध्ये भूतकाळाची लांबलचक प्रकरणं, कारण लेखकानं पात्राची सगळी कुंडली मांडून ठेवलीय आणि ती वाया जाऊ द्यायला त्याचा जीव होत नाही. ती भराभर वाचा, फक्त त्यातल्या जागा टिपा. आणि शेवटच्या पन्नास पानांत एकदम तीन उलथापालथी, निम्म्या अशक्य. लेखकाला, बहुधा संपादकालाही, भीती वाटलेली असते की वाचक कंटाळला. शेवट फसला तरी आधीची अडीचशे पानं खोटी ठरत नाहीत. फसलेल्या शेवटाची पण जिवंत गावाची पुस्तकं मी ठेवतो, चोख शेवटाची पण पुठ्ठ्याच्या गावाची रद्दीत देतो.

सोडायचं कधी? ऐंशी पानांनंतर चिठ्ठीवर एकही ओळ नसेल तर. नव्या लेखकाला संधी द्यावी, पण आयुष्याची वर्षं नव्हे.

संपल्यावर लगेच

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि मला तीच सगळ्यात प्यारी आहे. शेवटचं पान संपलं की उठू नका. पहिलं प्रकरण तिथेच, त्याच बैठकीत पुन्हा वाचा. वीस मिनिटं लागतात. ‘द ड्राय’च्या माशांचं पान तेव्हा वेगळं दिसतं. जे वर्णन वाटलं होतं ती माहिती असते, जो विनोद वाटला होता ती धमकी. लेखकाला खरंच येतं की त्यानं नशिबानं मारून नेलं, हे इथे कळतं, आणि त्याचं दुसरं पुस्तक घ्यायचं की नाही तेही.

मग कोणाशी बोलायचं असेल तर शेवट न फोडता बोला. सोपी युक्ती: कोणानं केलं ते न सांगता एका खोलीचं वर्णन करा. ऐकणाऱ्याला पुस्तक वाचावंसं वाटलं तर तुमचं वाचन नीट झालं. आमच्या चौघांच्या मंडळात एकानं ब्रेथवेटच्या पुस्तकाबद्दल फक्त मोरी धुण्याविषयी दहा मिनिटं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी पुस्तक मागवलं.

समासात मात्र लिहू नका, निदान वाचनालयाच्या प्रतीत. तर तो पेन्सिलवाला. दोनशे नव्वदाव्या पानापर्यंत मी त्या माणसामागे फिरलो. त्याचा कप, त्याची खिडकी, त्याची ‘ती’. प्रत्येक गोष्ट जुळत होती. दोनशे एक्क्याण्णवाव्या पानावर कळलं की तो खुनी नव्हताच, बायको गेल्यापासून त्याला पावसाचा आवाज सहन होत नव्हता इतकंच. मी खोडरबर आणून चौदाव्या पानावरचे ते दोन शब्द पुसले. पेन्सिल फार दाबून चालवली होती, कागद तिरका धरला की अजून वाचता येतं.